पांढरं काढून लाल परत

कोतेल्निच, ३ ऑक्टोबर १९८४

प्रिय नोन्ना,

तुझं पत्र मिळालं. पाकीट आधीच कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलं होतं, आणि चिकटवणाऱ्याला खळ लावता येत नाही. आमच्या अकॉर्डियनच्या कारखान्यात असा माणूस दुपारच्या जेवणापर्यंत टिकला नसता.

तू लिहितेस, संस्थेनं तुला 'दुधाच्या कामावर' घेतलंय. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मॉस्कोत शिकलीस, प्रबंध लिहिलास, ओका नदीकाठच्या त्या शास्त्रज्ञांच्या गावात घर मिळवलंस, आणि शेवटी दूध? कुणाशी भांडलीस, नोन्नाबाई? खरं सांग. लहानपणीही तू भांडण करून घरी यायचीस आणि पडले म्हणून सांगायचीस.

वरच्या मजल्यावरची कापितोलिना म्हणाली, "दुधाच्या कामात निदान साय तरी मिळते." मी म्हटलं, ती काही सायीसाठी शिकली नव्हती. पण मिळत असेल तर खा. तू फार वाळली आहेस.

तुझ्या साहेबांना मी पत्र लिहू का? भाषा सभ्य ठेवीन.

माझं बरं चाललंय. छातीतला भाता थोडी हवा सोडतो, पण तो लहानपणच्या तापापासूनच सोडतो. आयुष्यभर सूर लावत आलो, आता कानाला तोही सूरच वाटतो.

तुझा,
सावादादा


१९ ऑक्टोबर १९८४

दादा,

साहेबांना काहीही लिहू नकोस. सभ्य भाषेत तर मुळीच नको. घाबरतील.

मला कुणी शिक्षा केलेली नाही. हे दूध गायीचं नाही, एवढंच मी लिहू शकते. दिसायला दूध, वास काहीच नाही. एका पाहुण्या प्राध्यापकांनी ते चुकून चहात घातलं होतं. त्यांना काही झालं नाही, पण चौकशी आमची झाली.

हे दूध लालमध्ये मिसळणं सोपं आहे. ते काम शेजारच्या विभागानं केलं आणि त्यांना पदक मिळालं. गरज संपली की ते लालमधून पुन्हा बाहेर काढणं हे माझं काम. त्याला पदक नाही. गंमत अशी, की दूध वजनाला जड आहे पण त्याचे थेंब फार बारीक, त्यामुळे ते खाली बसतच नाही. यंत्रात गरगर फिरवलं की लाल कडेला जाऊन बसतं आणि पांढरं मधेच रेंगाळतं. मग पांढरं काढून टाकायचं, लाल धुवून परत द्यायचं. सांगायला एवढं सोपं आहे. आमच्या बुल्का नावाच्या कुत्रीच्या अंगात अजून बरंच राहिलंय. जेवते, शेपूट हलवते, पण ताप उतरत नाही.

तुझ्या पत्रात खळीवर दोन वाक्यं आहेत आणि हृदयावरही दोनच. डॉक्टरकडे शेवटचा कधी गेलास?

नोन्ना


कोतेल्निच, ११ नोव्हेंबर १९८४

प्रिय नोन्ना,

कळलं. पुढे काही लिहू नकोस. सैन्यासाठी डबाबंद बीटचं सूप, ज्यातून आंबट साय वेगळी काढता येईल. कापितोलिनाच्या लक्षात आधी आलं. आम्ही दोघं कुणाला सांगणार नाही. कुत्रीला मात्र तुम्ही सूप देऊ नये असं तिला वाटतं.

डॉक्टरकडे गेलो होतो. डॉक्टर आजारी होता.

इथे बर्फ पडलाय. कारखान्यानं माझं टेबल तळमजल्यावर हलवलं. म्हणाले, वर गारठा असतो. लग्नसराईसाठी नव्या पेट्या आल्यात, एकीचाही वरचा षड्ज धड नाही. बसून काम करतो, त्यामुळे दगदग नाही.

तू हातमोजे घालत जा.

सावा


कोतेल्निच, १६ डिसेंबर

नोन्ना इग्नात्येव्ना,

मी कापितोलिना. तुमचे भाऊ राहतात त्याच्या वरच्या घरात मी राहते आणि कारखान्यात भात्यांना कातडं चिकटवते. हे पत्र मी त्यांना न विचारता लिहिते आहे. कळलं तर माझ्याशी बोलणं सोडतील, पण आता तसंही एका दमात दोनच शब्द बोलतात.

त्यांचं टेबल खाली हलवलं कारण त्यांना जिना चढवत नाही. रात्री आडवं झालं की गुदमरतात म्हणून खुर्चीत झोपतात. पायांवर एवढी सूज आहे की माझ्या मेलेल्या नवऱ्याचे बूट घालतात. गेल्या आठवड्यात काम करताना खाली कोसळले, आणि उठवल्यावर फोरमनला म्हणाले, "पडलेला स्क्रू शोधत होतो."

डॉक्टर आजारी वगैरे काही नव्हता. डॉक्टर म्हणाला की झडप पार गेलीय, मॉस्कोला जा, नाहीतर उन्हाळा बघणार नाही. हे म्हणाले, "उन्हाळे पाहिलेत."

तुम्ही शिकलेल्या आहात. काहीतरी करा. आणि बीटच्या सुपाबद्दल मी कुणालाच सांगितलेलं नाही.

कापितोलिना ग्लुश्कोवा


२ जानेवारी १९८५

दादा,

मला सगळं कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस आणि तिच्यावर चिडू नकोस.

उन्हाळे पाहिलेत म्हणे! बाबाही असंच म्हणायचे. आईला ते कधी विनोदी वाटलं नाही.

तुझी अडचण मी तुझ्याइतकीच जाणते. ओंडक्यांखाली सापडलास तेव्हा तुला इतक्या लोकांचं रक्त चढवलं, की आता तुझं रक्त दुसऱ्या कुणाचं पाहिलं की भांडायला उठतं. माझंही नको म्हणतं. झडप बदलायची तर हृदय थांबवावं लागतं, तोवर रक्त फिरवायला आणि त्याला हवा द्यायला यंत्र लागतं, आणि त्या यंत्राच्या नळ्या आधी भरून घ्यायला दुसऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्याच बाटल्या लागतात. सगळ्या देशात शोधलं तरी तुझ्यासाठी एखाददुसरी मिळेल. मी विचारून ठेवलंय. अजून विचारते आहे.

एक दुसरा मार्ग आहे. तो मी तुला सुचवणार नाही. कुणी सुचवला तर 'नाही' म्हण. एक वर्ष थांब. मला एक वर्ष दे.

बुल्का परवा गेली. यकृत.

नोन्ना


कोतेल्निच, १० फेब्रुवारी १९८५

प्रिय नोन्ना,

चांगली बातमी आहे. किरोवला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एवढं काही नाही, गोळ्या घ्या, मीठ कमी करा, हवापालट करा. कापितोलिनाची बहीण पेर्मला असते, तिच्याकडे जातोय. चांगले दोन महिने राहीन. पत्ता माझ्याकडे नाही, घर हिरवं आहे एवढं माहीत आहे. तेव्हा पत्र लिहू नकोस. परत आलो की मीच लिहीन.

तुझ्या कुत्रीचं वाईट वाटलं.

स्वयंपाकघरातल्या फळीवर आईचं मधाचं भांडं आहे. ते तुला हवं होतं. कधी आलीस तर घेऊन जा. उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

सावा


२१ फेब्रुवारी १९८५

दादा,

तू घरी नाहीस, पण कापितोलिना पत्र ठेवून घेईल.

पेर्मची हवा चांगली असते असं ऐकलंय. मीठ कमी खा. मलाही कामासाठी मॉस्कोला जावं लागतंय, तेव्हा माझ्याकडूनही काही दिवस पत्र येणार नाही. यंत्रात गरगर फिरणारी नवी चकती आलीय. आधीच्यापेक्षा बरी आहे. पाहिजे तेवढी नाही.

भांडं जागेवरच राहू दे.

नोन्ना


मॉस्को, २४ मार्च १९८५

प्रिय नोन्ना,

खाली बस, मग वाच.

मी पेर्मला नाही. मी मॉस्कोत, रुग्णालयात आहे. माझी झडप बदलली. आता छातीत लहान घड्याळासारखी टिकटिक होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तक्रार केली, त्याला दुसऱ्या खोलीत हलवलं.

डॉक्टर तुलुपोव यांनी मला आधी सगळं समजावून सांगितलं होतं. म्हणाले, तुमच्यासाठी रक्त नाही, पण यंत्राच्या नळ्या एका पांढऱ्या द्रवानं भरता येतात. तो रक्तासारखीच हवा वाहून नेतो. मी विचारलं, "दुधासारखा दिसतो का?" म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "अंदाज." तेव्हा मला कळलं की तू बीटचं सूप करत नाहीस.

पुढे ते म्हणाले, तो अंगात राहिला तर त्रास देतो, म्हणून शेवटी एक यंत्र तो गाळून काढणार, माणसावर पहिल्यांदाच. ते चालवता येणारी व्यक्ती एकच आहे, ओकाकाठच्या संस्थेतली वारेझ्किना. मग त्यांनी नियम वाचून दाखवला. रुग्णाचा कुणी नातेवाईक शस्त्रक्रियेच्या खोलीत असता कामा नये. "आपलं कुणी आमच्याकडे काम करतं का?" मी म्हटलं, "माझं कुणी नाही. शेजारीण आहे." तुझं आडनाव नवऱ्याचं, त्यामुळे निभावलं. त्या नवऱ्याचा एवढा तरी उपयोग झाला.

तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, किंवा नियमानं बाहेर बसली असतीस. आणि चकती दुसऱ्या कुणी फिरवली असती तर मी टेबलावर चढलोच नसतो. म्हणून तुला न सांगता तुझ्या हाताखाली आलो. माझ्या तोंडावर कापड होतं. तू फक्त नळ्या बघत असशील.

दोन दिवस लघवी कडक चहासारखी होत होती आणि सगळे डॉक्टर ती बघायला यायचे. आता बरी आहे. ताप येतो, जातो.

रागावली असशील तर राग पत्रातून पाठव. इथे येऊन आरडाओरडा नको. टाके आहेत.

सावादादा


२ एप्रिल १९८५

दादा,

तू टेबलावर यायच्या बऱ्याच आधी मला माहीत होतं.

मॉस्कोला पोचले त्या दिवशी जेवणघरात एक परिचारिका सांगत होती, "तीन नंबरात एक खेड्यातला माणूस आलाय. धड श्वास घेता येत नाही, आणि काल मोठ्या डॉक्टरांना म्हणतो, तुमचं श्वासाचं यंत्र पाव सूर खाली लागलंय, कुणाकडून तरी बघून घ्या." सगळे हसले. माझा चमचा सुपात पडला. तंत्रज्ञानं तपासलं तर खरंच एक झडप सैल निघाली म्हणे. जगात असे दोन आगाऊ नसतील.

वर येऊन तुझ्या कानाखाली द्यावी असं वाटलं. मग नियम आठवला. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी तुला परत पाठवलं असतं, आणि तू उन्हाळा बघितला नसतास. म्हणून मीही गप्प. डॉक्टर तुलुपोव यांनी विचारलं, "रुग्णाला भेटायचंय का?" मी म्हटलं, "कशाला? मी फक्त नळ्या बघते."

शस्त्रक्रियेच्या दिवशी तुझं रक्त पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. आधी यंत्रात सगळं फिकट गुलाबी होतं, स्ट्रॉबेरीत साय कालवल्यासारखं. झडप बसली, हृदय परत चालू झालं, आणि मग मी चकती फिरवायला लागले. लाल कडेला जाऊन बसलं, पांढरं बाटलीत उतरत गेलं, आणि धुतलेलं लाल तुला परत. एक वेळ अशी होती की सगळं पुस्तकातल्यासारखं चाललं होतं. मग चकतीची रबरी कडी गळायला लागली, मी यंत्र थांबवलं. थोडं पांढरं तुझ्यात राहिलं. त्याचाच हा ताप.

घाबरू नकोस. ते रक्तातून हळूहळू फुफ्फुसांत येतं आणि श्वासाबरोबर बाहेर पडतं. फक्त वेळ लागतो. सोबत जाड पिशव्या पाठवते आहे. दर आठवड्याला एकीत दीर्घ श्वास सोडायचा, तोंड घट्ट बांधायचं आणि टपालानं पाठवायचं. इथे मोजता येतं.

दाराच्या काचेतून एकदा तुला पाहिलं. झोपला होतास. आडवा.

संस्थेला मी नातं कळवून टाकलंय. समिती बसली आहे. आत येऊन भेटू दिलं नाही, म्हणून पत्र.

नोन्ना


कोतेल्निच, १९ मे १९८५

प्रिय नोन्ना,

म्हणजे आपण दोघंही एकमेकांना फसवत होतो आणि फसलो मी एकटाच. बाबा असते तर म्हणाले असते, एका घरात दोन वकील.

घरी आलो. कापितोलिना स्टेशनवर आली होती. मला बघून रडली आणि मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याचे बूट परत करा, आता तुमच्या पायात सैल होतात." केले.

पिशव्यांचं असं आहे. टपाल कचेरीतली बाई विचारते, "आत काय?" मी म्हटलं, "श्वास." ती म्हणाली, "किंमत किती लिहू?" मी म्हटलं, "मला विचाराल तर बरीच." तिनं 'रिकामी पिशवी' असं लिहिलं. मी वाद घातला. मागे रांग होती, रांगेनं तिची बाजू घेतली.

समितीची दोन माणसं इथे येऊन गेली. एकानं विचारलं, "ती आपली बहीण आहे हे लपवलंत?" मी म्हटलं, "हो." "का?" मी म्हटलं, "तुम्ही तुमचं घड्याळ दुरुस्तीला देताना घड्याळजीचे भाऊ मोजता का?" दुसरा हसला, पहिल्यानं लिहून घेतलं. त्यानं काय लिहिलं ते दिसलं नाही. माझ्यामुळे तुझं काही बिघडलं का? एवढंच कळव. माझ्या लघवीचे हालहवाल सगळ्या मॉस्कोला माहीत आहेत, तुझं मात्र मला काहीच कळत नाही.

ताप गेला आहे. आज पहिल्यांदा कारखान्याच्या वरच्या मजल्यावर गेलो. वर खरंच गारठा असतो.

सावा


२३ जून १९८५

दादा,

शेवटच्या दोन पिशव्यांत जेमतेम खूण सापडली. पांढरं जवळपास गेलं. आता पिशव्या पाठवायची गरज नाही.

समितीचा निकाल लागला. यंत्र चालू राहणार. कडी बदलली. मागच्या आठवड्यात ऱ्याझानच्या एका शिक्षिकेवर ते चालवलं, माझ्या मदतनीस लुकेर्यानं. सगळं पांढरं निघालं, एक थेंब गळला नाही, ताप नाही. मी काचेच्या दाराबाहेर उभी होते. दोन वर्षं मला शस्त्रक्रियेच्या खोलीत जायला बंदी आहे.

तू आता साहेबांना लिहिशील की हा अन्याय आहे. लिहू नकोस. अन्याय नाही. तुला एप्रिलमध्ये मी एक गोष्ट सांगितली नव्हती.

मी लिहिलं होतं, कडी गळायला लागली आणि मी यंत्र थांबवलं. कडी गळली हे खरं. बाटलीतल्या पांढऱ्यात गुलाबी छटा दिसली, म्हणजे लाल पेशी फुटायला लागल्या. नियम माझाच आहे, मीच लिहिलाय. गुलाबी दिसलं की ताबडतोब थांबायचं. मी थांबले नाही. तुझ्या अंगात अजून बरंच पांढरं होतं आणि डोळ्यांपुढे बुल्का होती. मी फिरवतच राहिले. लुकेर्या म्हणाली, "नोन्ना इग्नात्येव्ना, गुलाबी." मी म्हटलं, "दिसतंय." ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं माझा हात धरला, तेव्हा थांबवलं. ती चहासारखी लघवी त्या फुटलेल्या पेशींची. तुझी मूत्रपिंडं दोन दिवस धाग्यावर लटकत होती, ती माझ्यामुळे.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "रुग्ण परका असता तर?" मी म्हटलं, "परका असता तर वेळेवर थांबवलं असतं." ते म्हणाले, "म्हणजे नातेवाइकांचा नियम बरोबर आहे." मी म्हटलं, "बरोबर आहे." मग सगळ्यांनी चहा घेतला.

जास्त फिरवल्यानं तू वाचलास की थोडक्यात मरता मरता राहिलास, हे मला मोजता येत नाही. बाकी सगळं मोजता येतं. मी खूप प्रयत्न केला.

राग आला असेल तर तो पत्रातून पाठव.

नोन्ना


कोतेल्निच, ३० जून १९८५

प्रिय नोन्ना,

पत्र वाचलं. कापितोलिनालाही वाचून दाखवलं, कारण तिच्यापासून आता काही लपवत नाही. ती मग म्हणाली, "त्या लुकेर्याला काहीतरी पाठवायला हवं." मशरूमचं लोणचं पाठवतो आहोत.

तुझा हात कुणी धरला नसता तर मी मेलो असतो. तुझा हात यंत्रावर नसता तरी मेलो असतो. समितीला यातलं एकच लिहून घ्यायचं होतं, त्यांनी घेतलं. मी दोन्ही लिहून घेतलंय. राग शोधला, सापडला नाही.

शनिवारच्या गाडीनं तुझ्याकडे येतोय. घर बघायचंय, आणि ते काचेचं दारही, जमलं तर. स्टेशनवर ये. वाजवायची पेटी आणतोय, एक बॅग आहे, मधाचं भांडंही त्यातच आहे, त्यामुळे जड झालीय. सामान मी उचलणार आहे. तू हात लावायचा नाहीस.

सावादादा